ओकायामाची ‘मागची बाग’

जपानांत तीन उद्यानांस सर्वश्रेष्ठ मानण्याचा प्रघात आहे : कानाझावाचें केन्रोकुएन, मितोचें काइराकुएन आणि ओकायामाचें कोराकुएन. तिन्ही पूर्वीच्या संस्थानिकांनीं आपापल्या राजधानीच्या शहरांत रचविलीं, तिन्ही आज सर्व लोकांस खुलीं आहेत, आणि तिहींचीं नांवें जुन्या चिनी वाङ्मयांतून घेतलेलीं आहेत. केन्रोकुएन म्हणजे सहा गुण ज्यांत एकत्र नांदतात असें उद्यान. काइराकुएन म्हणजे प्रजेच्या समवेत सुख घेण्याचें उद्यान. कोराकुएन या नांवाचा शब्दशः अर्थ मात्र कांहींसा चमत्कारिक वाटतो : ‘मागाहून सुख घेण्याचें उद्यान’.

या अर्थाचा उलगडा अकराव्या शतकांतील चीनमध्यें होतो. फान चुंग्येन नांवाच्या मुत्सद्द्यानें १०४६ सालीं एका पडलेल्या मनोऱ्याच्या जीर्णोद्धारानिमित्त एक लहानसा निबंध लिहिला व त्यांत राज्यकर्त्या पुरुषाचें लक्षण सांगितलें. त्याचा आशय असा कीं, येऊं घातलेल्या संकटाची काळजी अशा पुरुषास सर्वांच्या आधीं लागावी आणि सुखाच्या पंगतीला त्यानें सर्वांच्या शेवटीं बसावें. हा विचार चीन व जपान या दोन्ही देशांतील सुशिक्षितांच्या तोंडीं शतकानुशतकें खेळत राहिला. टोकियो शहरांत त्याच नांवाचें आणखी एक जुनें उद्यान आहे, तें सतराव्या शतकांतील असून त्यालाहि हें नांव याच वचनावरून मिळालें.

विचार थोर आहे, यांत शंका नाहीं. परंतु एखाद्या संस्थानिकानें तेहतीस एकरांचा विलासबाग उभारावा आणि त्यालाच ‘मी सर्वांच्या मागून सुख घेतों’ असें नांव द्यावें, हें ऐकून कोणाच्याहि मनांत थोडा संशय आल्यावांचून राहात नाहीं. राजवाड्यांच्या दारांवर कोरलेलीं सुभाषितें आणि दारांच्या आंतला कारभार यांचा मेळ नेहमींच बसतो असें नाहीं, हें इतिहासाच्या वाचकांस सांगावयास नको. ओकायामास जाण्याचा योग आला तेव्हां हा संशय मनांत घेऊनच मी त्या बागेंत पाऊल टाकलें. त्याचें निरसन झालें काय, आणि झालें तर कोणत्या रीतीनें, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

ओकायामा हें शहर ओसाका व हिरोशिमा यांच्या दरम्यान, जपानच्या अंतर्गत समुद्राच्या कांठीं वसलेलें आहे. स्टेशनाबाहेर पडतांच पीच फळांतून जन्मलेल्या मोमोतारो या लोककथेंतील बाळवीराचा पुतळा दिसतो आणि त्याच्याच नांवाच्या रुंद रस्त्यानें ट्राम निघते. ‘शिरोशिता’, म्हणजे ‘गडाच्या पायथ्याशीं’, या थांब्यावर उतरून दहापंधरा मिनिटें चाललें कीं असाही नदी लागते. अलीकडील तीरावर काळ्या फळ्यांनीं मढविलेला किल्ला उभा आहे. काळ्या रंगामुळें लोक त्याला ‘कावळा-किल्ला’ म्हणतात. मुळचा मनोरा उकिता हिदेइए या सरदारानें १५९७ त पुरा केला. किल्ल्याखालून ‘चंद्रदर्शनाचा पूल’ ओलांडला कीं नदीच्या वळणांतील बेटावर कोराकुएनचें दक्षिण द्वार येतें.

जपानी बाग म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें शेवाळलेले दगड, एखादें वांकडें झाड आणि वाळूवर ओढलेल्या रेघा असें चिमुकलें चित्र उभें राहतें. कोराकुएनमध्यें शिरतांच तें चित्र पुसलें जातें. समोर लांबवर पसरलेली हिरवळ, तिच्यावर अफाट आकाश, आणि मध्येंच वळणें घेत जाणारा पाण्याचा अरुंद पाट! मी गेलों तो दिवस नोव्हेंबरांतील होता. हिरवळ पिवळसर पडूं लागली होती आणि एका कोपऱ्यांत सुमारें शंभर मेपल वृक्षांचें बन लालभडक झालें होतें. त्या बनाचें नांव ‘चिशिओ’, म्हणजे हजार वेळां रंगांत बुडवून काढलेलें.

ही बाग एका जागीं बसून पाहण्याची नाहीं, चालत पाहण्याची आहे. पाटाची लांबी सुमारें २१०० फूट असून तो सर्व बागेंतून हिंडतो. त्याच्या सोबतीनें आपण निघालों कीं प्रत्येक वळणाला देखावा बदलतो. मध्यभागीं ‘सावा’ नांवाचें तळें व त्यांत लहान बेटें, तळ्यापलीकडे युइशिनझान ही सुमारें २० फूट उंचीची बांधलेली टेकडी. टेकडीवर चढून मागें पाहिलें म्हणजे नदीपलीकडचा काळा किल्ला बागेचाच एक भाग होऊन बसतो आणि पूर्वेकडील मिसाओ डोंगरहि कुंपणाच्या आंत आल्यासारखा भासतो. जपानी उद्यानशास्त्रांत याला ‘उसना घेतलेला देखावा’ म्हणतात. दूरचें रूप आपल्या बागेंत घ्यावयाचें, पण त्यावर मालकी सांगावयाची नाहीं. हा व्यवहार मला मोठा मार्मिक वाटला.

पाटावरच ‘रियूतेन’ नांवाची एक दुमजली पडवी आहे. तिच्या तळमजल्यास भिंती नाहींत. जमिनीच्या मधोमध पाण्याचा प्रवाह सोडलेला असून त्यांत रंगीबेरंगी सहा शिळा ठेवलेल्या आहेत. दोन्ही बाजूंच्या लांकडी बैठकींवर बसावें आणि पायांखालून जाणारें पाणी ऐकावें. येथें ना नक्षी, ना सोनेरी काम! विसाव्यासाठीं इतकी साधी व इतकी पुरी वास्तु मीं दुसरी पाहिली नाहीं.

परंतु माझें पाऊल सर्वांत अधिक वेळ थबकलें तें एका भलत्याच ठिकाणीं. बागेच्या एका अंगास चहाचा लहानसा मळा आहे, आणि त्यापासून फार दूर नाहीं अशा जागीं चक्क भाताचीं खाचरें आहेत. कापणी होऊन गेली होती, ओळीनें खुंट तेवढे उरले होते. राजाच्या विलासबागेंत भातशेतीचें काय काम? या प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतांच बागेच्या नांवाचा उलगडा होतो. त्यासाठीं थोडें इतिहासांत शिरलें पाहिजे.

ओकायामाचें संस्थान इकेदा घराण्याकडे होतें व त्याचा वसूल सुमारें ३ लक्ष १५ हजार कोकू तांदूळ इतका धरला जाई. एक कोकू म्हणजे ढोबळ मानानें एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ. यावरून संस्थानाच्या मोठेपणाची कल्पना येईल. या घराण्यांतील मित्सुमासा (१६०९–१६८२) हा कन्फ्यूशियसच्या नीतिशास्त्राचा कडक अनुयायी होता. कुमाझावा बान्झान या नामांकित पंडितास त्यानें आपल्या पदरीं ठेवलें होतें. १६५४ सालीं असाही नदीला महापूर येऊन शहर बुडालें, पुरामागून दुष्काळ आला. नदीच्या फाजील पाण्यास शहराबाहेरून वाट काढून दिली पाहिजे, ही कल्पना बान्झाननें मांडली. पुढें त्यास नोकरी सोडावी लागली, सरकारचा रोष ओढवला, आणि १६९१ त तो नजरकैदेंतच वारला. कल्पना मात्र मागें राहिली. ती प्रत्यक्षांत आणणाऱ्या पुरुषाचें नांव त्सुदा नागातादा.

त्सुदा (१६४०–१७०७) हा या कथेंतील खरा नायक होय. तो ना राजा, ना पंडित. संस्थानचा एक कारभारी. असाहीच्या पुराचें पाणी वळविणारी ‘ह्याक्केन’ नदी त्यानें बांधून काढली. ‘ह्याक्केन’ म्हणजे शंभर केन, सुमारें ६०० फूट, असा त्या पात्राच्या रुंदीवरून पडलेला शब्द आहे. डोंगरांतील शिझुतानी या निवांत खोऱ्यांत सामान्य रयतेच्या मुलांसाठीं १६७० त जी शाळा निघाली, ती मित्सुमासाच्या आज्ञेनें यानेंच उभारली. तिचें आजचें व्याख्यानगृह १७०१ सालचें असून जपाननें त्यास राष्ट्रीय ठेव्याचा मान दिला आहे. खाडीला बांध घालून समुद्राखालची जमीन शेतीस आणण्याचें कामहि त्याचेंच. १६९२ सालचें ‘ओकी’ हें नवें क्षेत्र त्यांतील सर्वांत मोठें. पूर, शिक्षण आणि अन्न या तिन्ही चिंता एका माणसानें आपल्या हातीं घेतल्याचें असें उदाहरण विरळा.

याच त्सुदास मित्सुमासाचा मुलगा त्सुनामासा यानें १६८७ सालीं बाग करावयास सांगितलें. तेरा वर्षें काम चालून १७०० त बागेची मूळ रचना पुरी झाली. पाण्याची योजना पाहिली म्हणजे पूर वळविणारे हात येथेंहि ओळखूं येतात. नदीच्या वरच्या अंगास सुमारें अडीच मैलांवरून कालवा काढून, पातळींतील फरकाच्या बळावर पाणी बागेंत आणलें होतें. आज नदीच्या तळाखालचें पाणी पंपानें वर घेतात, पण पाटाचें वळण तेंच राहिलें आहे.

येथें मराठी वाचकाच्या मनांत एक तुलना सहज येईल. १६८७ साल म्हणजे छत्रपति संभाजी महाराजांच्या कारकीर्दीचा उत्तरार्ध. १७०० साल म्हणजे राजाराम महाराजांनीं सिंहगडावर देह ठेवला तें साल. ओकायामांत तळें खणलें जात होतें त्या तेरा वर्षांत आपल्याकडे औरंगजेबाच्या फौजा गांवें तुडवीत होत्या. जपानांत तोकुगावांच्या अमलाखालीं दीर्घ शांतता नांदत होती आणि संस्थानिकांस लढाई हें काम उरलें नव्हतें. बागा करण्यास रसिकता लागते हें खरें, पण त्याहून आधीं निर्वेध वर्षें लागतात.

आतां त्या भाताच्या खाचरांकडे वळूं. प्राचीन चीनमध्यें चौ राजांच्या काळीं जमिनीची एक आदर्श वांटणी होती, अशी कन्फ्यूशियसच्या अनुयायांची श्रद्धा आहे. चौकोनी जमिनीचे नऊ समान भाग करावयाचे. कडेचे आठ भाग आठ कुटुंबांनीं आपापल्यासाठीं कसावे, मधला नववा भाग सर्वांनीं मिळून कसावा आणि त्याचें पीक राजास द्यावें. कडेच्या वाफ्यांवर निराळा कर नाहीं. या वांटणीचें चित्र चिनी लिपींतील ‘विहीर’ या अक्षरासारखें दिसतें, म्हणून तिला ‘विहीर-शेत’ असें म्हणतात. कोराकुएनमधील खाचरें ही त्या पद्धतीची आठवण होय. त्सुदानें संस्थानच्या जमिनीवरहि तिचा प्रयोग करून पाहिला होता. आरंभींच्या काळांत बागेचा पुष्कळ भाग शेतीखालीं होता. हिरवळीचा विस्तार मागाहून झाला. आजहि दर वर्षीं जूनमध्यें येथें भाताची लावणी समारंभानें होते.

हें सर्व ऐकून बागेचें नांव सार्थ झालें, असें म्हणून थांबण्याचा मोह होतो. परंतु इतिहास इतका सोयीचा नसतो. १६९० च्या सुमारास जपानांतील संस्थानिकांच्या गुणदोषांचें परीक्षण करणारा एक ग्रंथ तयार झाला, त्यांत त्सुनामासाविषयीं कठोर शब्द आहेत : विद्येकडे पाठ आणि विषयसुखाकडे ओढा. ग्रंथकाराचा सूर पारखून घेतला पाहिजे हें खरें. पण चिंता करण्यांत पहिला आणि सुखांत शेवटचा असें या राजाचें वर्णन त्याच्या समकालीनांनीं केलें नाहीं. त्याला नो नाट्याचा नाद होता. तो स्वतः रंगभूमीवर उतरे आणि आपलें नृत्य प्रजेसहि पाहूं देई. ठराविक दिवशीं सामान्य लोकांस बागेंत येण्याची मोकळीक असे. एवढें त्याच्या पदरांत अवश्य घालावें, त्याहून अधिक नाहीं.

याहूनहि कटु अशी एक गोष्ट पुढें घडली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास संस्थानची तिजोरी रिकामी झाली, तेव्हां दरबारानें काटकसरीचे २९ कलमांचे नियम काढले. त्यांतील शेवटचीं ५ कलमें अस्पृश्य लेखलेल्या वस्त्यांसाठीं निराळीं होतीं. त्यांनीं नक्षीचे कपडे वापरूं नयेत. निळीच्या अगर आपल्याकडील टेंभुर्णीच्या जातीच्या ‘काकी’ फळाच्या रसांत रंगविलेल्या साध्या कपड्यांतच राहावें, म्हणजे पाहतांक्षणींच त्यांची जात ओळखूं येईल! हे लोकहि शेती करून सारा भरणारेच होते. १८५६ सालीं त्यांच्यापैकीं सुमारें पंधराशें जण हत्यारें न घेतां एकत्र निघाले आणि त्यांनीं आपला अर्ज संस्थानच्या मंत्र्याच्या हातीं पोहोंचविला. तो हुकूम कागदावरच राहिला. परंतु बारा पुढारी तुरुंगांत गेले आणि त्यांतील सहा जण तेथेंच मेले. ज्या बागेंत नऊ चौकोनांतून रयतेच्या सुखाचें चित्र काढलेलें होतें, तिच्या धन्यांनीं हें केलें. आपल्या देशांत वस्त्रावरून व चालीरीतीवरून माणसांस हिणविण्याच्या प्रथा ज्यांस ठाऊक आहेत, त्यांस या प्रसंगाची वेदना निराळी समजावून देण्याचें कारण नाहीं.

मग हें नांव म्हणजे निव्वळ ढोंगच ठरलें काय? या प्रश्नाशीं येऊन पोहोंचलों असतां मला एक साधी गोष्ट आढळली आणि माझ्या संशयाचें रूपच पालटलें. त्सुनामासानें या बागेस कोराकुएन असें नांव दिलेंच नव्हतें! त्याच्या काळीं आणि त्यानंतर दीडशेंहून अधिक वर्षें तिला नुसतें ‘कोएन’ म्हणत. ‘को’ म्हणजे मागची, ‘एन’ म्हणजे बाग. किल्ल्याच्या पाठीमागची म्हणून मागची बाग. आपण परसाला परस म्हणतों, तितकेंच तें सरळ नांव. ‘कोराकुएन’ हें नांव १८७१ सालीं आलें. त्याच सालीं जपानांतील संस्थानें खालसा झालीं. म्हणजे ‘आम्ही सुख सर्वांच्या मागून घेऊं’ हें वचन बागेच्या दारावर लागलें, तें राजाचें राजेपण संपावयाच्या वेळीं.

यांत एक शब्दाची गंमत आहे, आणि ती मराठींत जशी साधते तशी फार थोड्या भाषांत साधेल. जुन्या नांवांतील ‘को’ आणि नव्या नांवांतील ‘को’ हें एकच अक्षर आहे. जुन्या नांवांत तें स्थळ दाखवितें : किल्ल्याच्या मागें. नव्या नांवांत तें काळ दाखवितें : सर्वांच्या मागून. आपल्या ‘मागें’ या शब्दांतहि हे दोन्ही अर्थ नांदतात. घराच्या मागें विहीर असते आणि जेवणाच्या मागून विडा असतो. दोन नांवांमध्यें ‘राकु’, म्हणजे सुख, एवढेंच अक्षर वाढलें आणि किल्ल्याच्या पाठीमागची जागा धन्यावर टाकलेली एक जबाबदारी होऊन बसली.

तेव्हां हें नांव त्सुनामासाची फुशारकी नव्हे. तें मागाहून आलेल्या पिढीनें जुन्या वास्तूवर लिहिलेलें कर्तव्याचें स्मरण आहे. आणि तें खरें करून दाखविण्याची संधि पुढें लवकरच आली. १८८४ सालीं बाग ओकायामा प्रांताच्या सरकारकडे गेली आणि सर्व लोकांस खुली झाली. एके काळीं ठराविक दिवसांची मोकळीक होती, ती आतां हक्क झाली. १९२२ सालीं राष्ट्रीय सौंदर्यस्थळांत तिची गणना झाली. परंतु बाग ही दगडाच्या देवळासारखी एकदां बांधून ठेवण्याची वस्तु नाहीं. १९३४ च्या सप्टेंबरांत मोठें तुफान होऊन असाहीच्या पुरानें बागेची नासाडी केली. ती सांवरते न सांवरते तोंच महायुद्ध आलें. २९ जून १९४५ रोजीं पहांटे अमेरिकन विमानांनीं शहरावर आगीचा वर्षाव केला. सतराशेंहून अधिक माणसें मेलीं. किल्ल्याचा साडेतीनशें वर्षांचा मनोरा त्या आगींत भस्म झाला. राजा जेथें बसून बाग पाही तें ‘एन्योतेइ’ हें मुख्य गृह जळालें. मधोमध पाणी खेळविणारी ती साधी पडवी मात्र वांचली.

इतकें झाल्यावर बाग पूर्ववत् कशी झाली? जुन्या अमदानींत काढलेले तिचे नकाशे आणि चित्रें शिल्लक होतीं. कोणतें झाड कोठें, कोणती वाट कशी वळते, हें त्यांवरून जमवीत जमवीत ती पुन्हां उभी केली. एन्योतेइ १९६० त पुन्हां बांधलें. किल्ल्याचा मनोरा १९६६ त सिमेंट-कॉंक्रिटचा झाला, कारण तेव्हां तेंच शक्य व टिकाऊ वाटलें. सदर जळून गेली असतां दप्तर वांचावें आणि दप्तरावरून सदर पुन्हां उभी राहावी, असा हा प्रकार आहे. आपल्याकडील किती वाड्यांचे आणि बागांचे असे नकाशे आज सांपडतील, हा विचार त्या वेळीं मनास चाटून गेल्यावांचून राहिला नाहीं.

बागेंतील सारसांची कथा तर विसरतां येण्यासारखीच नाहीं. येथें पूर्वापार डोक्यावर लाल ठिपका असलेले सारस पाळीत असत. युद्धाच्या धामधुमींत तेहि नाहींसे झाले. को मोजो हा चिनी साहित्यिक व विद्वान् तरुणपणीं पहिल्या महायुद्धाच्या काळांत ओकायामाच्या विद्यालयांत शिकला होता. १९५५ च्या अखेरीस तो पुन्हां तेथें गेला. जपानी सैन्यानें चीनमध्यें जो कहर केला होता, त्याला तेव्हां जेमतेम दहा वर्षें लोटलीं होतीं, आणि पेकिंगच्या सरकाराशीं जपानचा राजनैतिक संबंधहि नव्हता. तो जुळण्यास १९७२ साल उजाडावें लागलें. अशा वेळीं १९५६ मध्यें या गृहस्थानें चीनमधून सारसांची एक जोडी या बागेस भेट पाठविली. बागेचें नांव ज्या निबंधावरून आलें तो चिनी; आणि उजाड बागेंत पहिले पंख पुन्हां फडफडले तेहि चीनकडूनच आलेले. आज सारस जाळीच्या घरांत असतात, आणि नववर्षदिनीं त्यांना हिरवळीवर मोकळे सोडतात.

बागेंतून निघण्यापूर्वीं मीं एकदां हिरवळीकडे वळून पाहिलें. डोक्यावर रुंद टोप्या घातलेलीं चारपांच माणसें गुडघे टेकून ओळीनें गवतांतलें तण उपटीत होतीं. पाहुणे त्यांच्या बाजूनें छायाचित्रें घेत जात होते, आणि तीं मान वर न करतां एकेक हात पुढें सरकत होतीं. मला त्सुदा नागातादाची आठवण झाली. फान चुंग्येनचें वचन राजास उद्देशून होतें. पण ओकायामाच्या इतिहासांत तें जर कोणीं पाळलें असेल तर आधीं पुराची, शाळेची, शेताची काळजी वाहून मग तळें खणणाऱ्या या कारभाऱ्यानें, आणि त्याच्यामागून तीन शतकें येथें तण उपटणाऱ्या या निनांवी माणसांनीं. ह्याक्केन नदी अद्याप आपलें काम करीत आहे. २०१८ च्या जुलैंतील अतिवृष्टींतहि तिनें असाहीचें पाणी वांटून घेतलें. बाग पाहावयास लोक दुरून येतात. ह्याक्केनच्या बांधावर मुद्दाम कोण जातो? परंतु त्या बांधावांचून ही हिरवळ किती पावसाळे टिकली असती?

या बागेचें एक भावंड आपल्या पुण्यास आहे, हें पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान हें पुणें व ओकायामा या दोन शहरांच्या मैत्रीची खूण असून त्याची रचना कोराकुएनवरूनच घेतली आहे. विस्तार सुमारें १० एकर. ज्यांनीं ‘पूर्वरंग’ या प्रवासवर्णनांत जपान मराठी वाचकांच्या घरांत आणून ठेवला, त्यांचेंच नांव त्याला लाभलें, हें सर्वथा उचित झालें. सुट्टीच्या सायंकाळीं मुलें पुलावरून वांकून मासे पाहतात, वडील मंडळी कडेनें चालतात, आणि पाणी खळखळत खालीं उतरतें. तें पाणी कालव्याचें आहे. जी मुठा नदी तें पुरविते तिनेंच १२ जुलै १९६१ रोजीं, पानशेतचें धरण फुटलें तेव्हां, अर्धें पुणें वाहून नेलें होतें.

ओकायामाची असाही आणि पुण्याची मुठा या दोघींनीं आपापलीं शहरें बुडविलीं, आणि त्याच दोघींच्या आधारानें हीं दोन उद्यानें बहरलीं आहेत. आपण ओकायामाकडून पूल घेतला, तळें घेतलें, झाडें छाटण्याची रीत घेतली. बागेचें नांव मात्र आपण घेतलें नाहीं, आणि त्याची गरजहि नव्हती; पण त्या नांवांतील क्रम घेतां आला तर पाहावा. नदीच्या पात्राची, कालव्याच्या काठाची, वरच्या धरणाची काळजी ज्यांनीं वाहावयाची त्यांनीं ती आधीं वाहावी. मग रविवारीं संध्याकाळीं तेहि आपलीं मुलेंबाळें घेऊन या तळ्याकांठीं येऊन बसोत; सर्वांच्या मागून आलेत तरी जागा पुष्कळ आहे.